नळयोजनेतील गळका व्हॉल्व्ह : ओळख, दुरुस्ती आणि बदल

(काटोल परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावच्या नळयोजनेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे विहीर येते, पंप येतो, उंच टाकी येते आणि दारातील नळ येतो. या सर्वांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, विटांच्या एका खड्ड्यात लोखंडी झाकणाखाली जो व्हॉल्व्ह बसलेला असतो, त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. गावात त्याला चावी म्हणतात आणि ती फिरवणाऱ्याला चावीवाला. टाकीचे उद्घाटन होते, पंपाची पूजा होते, नळाला फुलांची माळ चढते. व्हॉल्व्हकडे मात्र तो गळू लागेपर्यंत कोणी पाहत नाही, आणि गळू लागल्यावरही पुष्कळदा कोणी पाहत नाही.

या उपेक्षेची किंमत दुहेरी असते. वाया जाणारे पाणी ही त्यातील डोळ्यांना दिसणारी किंमत होय. दुसरी किंमत दिसत नाही, आणि ती अधिक मोठी आहे. ज्या फटीतून पाणी बाहेर जाते, त्याच फटीतून पाणीपुरवठा बंद असताना चेंबरमधील घाण आत येते. म्हणून गळती नेमकी कोठे आहे हे कसे ओळखावे, केवळ दुरुस्तीने काम भागेल की व्हॉल्व्ह बदलावा लागेल हे कसे ठरवावे, आणि बदलताना कोणता क्रम पाळावा, या तीन गोष्टी प्रत्येक ग्रामपंचायतीला माहीत असणे अगत्याचे आहे.

काटोल परिसर आणि पाण्याचे मोल

जाम नदीच्या काठी वसलेले काटोल हे नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील तालुक्याचे ठिकाण संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात काटोल-नरखेड पट्ट्यातील बागाइतदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाचा मोठा वाटा आहे. परंतु ज्या जमिनीवर हे संत्रे पिकते तिच्या पोटात काळा पाषाण आहे. या खडकात पाणी मावते ते केवळ त्याच्या फटींत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. पावसाळ्यात विहिरी भरतात, आणि चैत्र-वैशाखात त्यांचे तळ दिसू लागतात. आंबिया बहाराची कोवळी फळे नेमकी याच दिवसांत झाडावर असतात. बागेची विहीर आणि गावाची विहीर एकाच खडकातून पाणी ओढतात. अशा परिसरात उपसून, वीज खर्चून टाकीत चढवलेले पाणी चेंबरमध्ये गळून जाणे हे घरात आलेले धान्य पुन्हा मातीत टाकण्यासारखे आहे.

संत्रा बागाइतदाराला आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू दिले तर डिंक्या रोग बळावतो. म्हणून तो दुहेरी आळे करतो आणि बुंधा कोरडा ठेवतो. पाणी कमी पडणे जसे वाईट, तसेच ते नको त्या जागी साचणे वाईट, हा बागेचा धडा आहे. व्हॉल्व्हच्या चेंबरलाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

थेंबांचा हिशेब

गळतीचा विषय ग्रामसभेत निघाला की “थोडेसे गळते” एवढ्यावर तो मिटतो. हे “थोडेसे” म्हणजे किती, हे मोजण्यासाठी एक लिटरची बाटली आणि घड्याळ एवढे साहित्य पुरते. मिनिटाला साठ थेंब पडणारा नळ दिवसभरात साधारणपणे चार लिटर पाणी घालवतो. परंतु गळक्या व्हॉल्व्हखाली धरलेली लिटरची बाटली वीस सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला तीन लिटर, तासाला १८० लिटर आणि अहोरात्र गळती चालू राहिल्यास ४,३२० लिटर पाणी जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले गेले. त्या हिशेबाने ही एक बारीक धार ७८ माणसांचा वाटा रोज मातीत मुरवते.

या पाण्याबरोबर वीजही जाते. एवढे पाणी साठ मीटर उंच चढवावयाचे आणि पंपसंचाची कार्यक्षमता पन्नास टक्के धरावयाची, तर दररोज सुमारे १.४ युनिट वीज खर्च होते. वर्षाकाठी हा आकडा पाचशे युनिटांच्या पुढे जातो. विजेच्या देयकात “गळती” असा रकाना नसतो, एवढाच काय तो फरक.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. वस्तीतील वाहिनीवर पाणी दिवसातून तास-दोन तासच सुटत असेल, तर तेथील व्हॉल्व्ह तेवढाच वेळ गळतो. परंतु टाकीच्या निर्गम वाहिनीवरील आणि टाकीचा गाळ काढण्याच्या वाहिनीवरील व्हॉल्व्ह टाकीत पाणी असेपर्यंत अहोरात्र दाबाखाली असतात. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी टाकीच्या पायथ्यापासून करावी.

गळतीची वाट दुतर्फा असते

आता त्या न दिसणाऱ्या किमतीकडे वळू या. चोवीस तास दाबाखाली असलेल्या वाहिनीत फट पडली तर पाणी बाहेरच येते, बाहेरचे आत जात नाही. आपल्याकडील बहुतेक योजना मात्र ठरावीक वेळी पाणी सोडणाऱ्या आहेत. चावीवाल्याने वरचा व्हॉल्व्ह बंद केला की सखल भागातील नळांतून उरलेले पाणी ओघळत राहते आणि वरच्या भागात वाहिनीत पोकळी निर्माण होते. ही पोकळी बाहेरचे जे मिळेल ते आत ओढते. कोणी घरच्या नळाला थेट टिल्लू पंप जोडला असेल तर हे ओढणे अधिकच जोराचे होते. अशा वेळी व्हॉल्व्हचा सैल भाग चेंबरमधील गढूळ पाण्यात बुडालेला असेल, तर ते पाणी वाहिनीत जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरोघरी पोहोचते. चेंबरशेजारून गटार वाहत असेल तर त्या पाण्यात काय असेल हे सांगावयास नको. पावसाळ्याच्या आरंभी गावात हगवण, गॅस्ट्रो, कावीळ यांचे रुग्ण वाढू लागले की विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु दोष वाहिनीत असेल तर केवळ विहीर शुद्ध करून भागत नाही.

एअर व्हॉल्व्हच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. वाहिनीत पोकळी झाली की हवा आत घेणे हे त्याचे कामच आहे. त्याचा चेंबर पाण्याने भरलेला असेल तर हवेच्या जागी तो ते पाणी आत घेतो. म्हणजे येथे व्हॉल्व्ह गळका असण्याचीही आवश्यकता नाही, चेंबर तुंबलेला असणे पुरेसे आहे.

गळतीतून रोग पसरतो याचे एक जुने उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे कोठे आहेत हे तपासून त्या रस्त्यावरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे खोदकाम झाले तेव्हा त्या विहिरीपासून तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर मैल्याचा एक जुना खड्डा आढळला. त्याच्या विटा कुजल्या होत्या आणि त्यातून विहिरीकडे झिरप होत होती. पंपाचे पाणी दिसावयास स्वच्छ होते आणि लोक ते आवडीने पीत. पाणी स्वच्छ दिसते यावरून ते सुरक्षित आहे असे ठरत नाही, हे त्या वेळी सिद्ध झाले.

गळती कोठे आहे हे कसे ओळखावे

पहिली पायरी म्हणजे गळती आहे की नाही हे ठरवणे. त्यासाठी रात्रीची चाचणी उत्तम. दीड हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरप्रमाणे ८२,५०० लिटर पाणी लागते. तेवढ्यासाठी सहा मीटर व्यासाची आणि तीन मीटर पाण्याची टाकी पुरते, असे उदाहरणादाखल धरू. रात्री टाकी भरून सर्व निर्गम व्हॉल्व्ह बंद करावेत आणि पातळीची खूण करावी. पहाटे पाणी सोडण्यापूर्वी पुन्हा पातळी पाहावी. या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे २८३ लिटर पाणी जाणे. आठ तासांत पंधरा सेंटिमीटर उतार पडला तर सुमारे ४,२४० लिटर गेले. मग ते पाणी एक तर टाकीतूनच झिरपत आहे, किंवा बंद केलेल्या व्हॉल्व्हपैकी एखादा आतून पाणी सोडत आहे. टाकीच्या भिंती आणि तळ कोरडे असतील तर संशय व्हॉल्व्हवरच येतो.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक चेंबर उघडून पाहणे. चेंबरमध्ये पाणी दिसले म्हणजे व्हॉल्व्ह गळतोच असे नाही. ते पावसाचे असेल, गटाराचे असेल किंवा जमिनीतील झऱ्याचे असेल. येथे जलसुरक्षकाकडील क्लोरीन तपासणीचा संच उपयोगी पडतो. चेंबरमधील पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर ते नळाचे शुद्ध केलेले पाणी आहे, अर्थात गळती वाहिनीतून आहे. रंग आला नाही तर मात्र गळती नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण मातीच्या संपर्कात क्लोरीन लवकर संपतो.

तिसरी पायरी नेमकी जागा शोधण्याची. चेंबरमधील पाणी उपसून व्हॉल्व्ह कोरड्या फडक्याने पुसून काढावा आणि त्याच्या सांध्यांवर कोरडी राख किंवा रांगोळी भुरभुरावी. पाणी सोडल्यावर जी जागा प्रथम ओली होते ती गळतीची जागा. पाणी वरून खाली ओघळते, म्हणून जेथे थेंब पडतो तेथेच दोष आहे असे समजू नये. ओल्या रेषेच्या वरच्या टोकाकडे पाहावे.

बंद व्हॉल्व्ह आतून पाणी सोडतो किंवा नाही हे कानाने कळते. रात्री गाव शांत झाल्यावर लोखंडी सळईचे एक टोक व्हॉल्व्हच्या अंगावर टेकवून दुसरे कानाशी धरावे. बंद व्हॉल्व्हमधून पाणी जात असेल तर सूं असा बारीक आवाज सतत येतो. अनुभवी चावीवाल्यांचा कान या कामात तरबेज असतो, आणि गावाने त्या अनुभवाची कदर केली पाहिजे.

दुरुस्ती की बदल?

गळक्या व्हॉल्व्हबद्दल “जुना झाला, नवा बसवा” असा निर्णय घाईने घेतला जातो. वास्तविक अनेक गळत्यांना नवा व्हॉल्व्ह लागत नाही. आपल्या योजनांत सर्वाधिक आढळणारा प्रकार स्लूस व्हॉल्व्हचा. त्यात एक पडदा दांड्याच्या आट्यांवर वर-खाली होतो. त्याच्या गळतीचे मुख्य प्रकार असे आहेत.

पहिला प्रकार दांड्याभोवतीच्या गळतीचा. दांडा जेथून बाहेर येतो तेथे ग्लँडमध्ये दोरी ठासलेली असते. ती झिजली की दांड्यालगत पाणी झिरपते. ग्लँडचे दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळावेत. तेवढ्याने थांबले नाही तर दोरी बदलावी. फार आवळल्यास दांडा फिरेनासा होतो. फार जुन्या व्हॉल्व्हमधील दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी कोरून धूळ उडवू नये, पाण्याने भिजवून काढावी आणि पिशवीत बंद करून वेगळी ठेवावी.

दुसरा प्रकार फ्लँजच्या सांध्याचा. दोन लोखंडी तबकड्यांमधील रबरी वायसर कडक होतो किंवा बोल्ट सैल पडतात. समोरासमोरचे बोल्ट क्रमाने आवळावेत, अन्यथा वायसर बदलावा. व्हॉल्व्हच्या डोक्याचा सांधा गळत असेल तरी हाच उपाय.

तिसरा प्रकार आतून पाणी सोडण्याचा. पडद्याच्या बैठकीत खडा किंवा गाळ अडकला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. तो एक-दोन फेरे उघडून पुन्हा बंद करण्याची क्रिया चार-पाच वेळा केल्यास वेगाने जाणाऱ्या पाण्याबरोबर गाळ निघून जाण्याचा संभव असतो. बैठकच झिजली असेल तर मात्र बदल अटळ आहे.

चौथा प्रकार अंगाला तडा जाण्याचा आणि पाचवा दांडा तुटण्याचा किंवा त्याचे आटे जाण्याचा. तडा गेलेल्या बिडाच्या व्हॉल्व्हला वरून सिमेंट किंवा लांबी लावणे म्हणजे दोष झाकणे होय. तो बदललाच पाहिजे. दांडा नवा मिळाला तर बसवता येतो, न मिळाल्यास व्हॉल्व्ह बदलावा.

येथे एका रूढ चुकीचा उल्लेख आवश्यक आहे. खालच्या आळीला अधिक आणि वरच्या आळीला कमी पाणी जाते म्हणून पुष्कळ गावांत स्लूस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून दाब सारखा करण्याचा प्रयत्न होतो. हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी बनवलेला आहे. अर्धवट उघड्या स्थितीत पाण्याचा वेग पडदा थरथरवतो आणि बैठक झिजवतो. गंजलेल्या व्हॉल्व्हच्या पान्याला लांब पाइप लावून दोघा-तिघांनी जोर करणे हीदेखील दांडा तुटण्याची हमखास वाट आहे. अशा वेळी थोडे पुढे, थोडे मागे असे फिरवत गंज सुटू द्यावा.

बदलण्यापूर्वीची तयारी

व्हॉल्व्ह बदलण्याचे काम दोन-तीन तासांचे असले तरी त्याची तयारी आधीच्या आठवड्यात झाली पाहिजे. जुन्या व्हॉल्व्हचा व्यास, दोन्ही तबकड्यांमधील लांबी, बोल्टच्या छिद्रांची संख्या व आकार ही मापे कागदावर घ्यावीत. नव्याची लांबी जुन्यापेक्षा वेगळी निघाली तर वाहिनी कापण्याची पाळी येते आणि गाव दिवसभर कोरडे राहते. खरेदी करताना भारतीय मानक १४८४६ प्रमाणे बनवलेला, मानक चिन्ह असलेला स्लूस व्हॉल्व्ह मागावा. दाबाचा वर्ग योजनेच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहावा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब येतो, हा साधा हिशेब सर्वांच्या लक्षात राहण्यासारखा आहे. नवे रबरी वायसर आणि नवे बोल्ट सोबतच आणावेत.

आदल्या दिवशी दवंडीने, ध्वनिक्षेपकावरून किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशाने गावाला सूचना द्यावी. लोकांनी पाणी भरून ठेवावे आणि शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र यांची आधी सोय लागावी.

बदलण्याचा क्रम

प्रथम वरच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि तेथे एक माणूस किंवा ठळक पाटी ठेवावी, म्हणजे काम चालू असताना कोणी तो उघडणार नाही. पंपातून येणारी वाहिनी असेल तर पंपाचा मुख्य स्विच बंद करून खोलीला कुलूप लावावे. वरचा व्हॉल्व्हच आतून पाणी सोडत असेल तर टाकी रिकामी झाल्याखेरीज काम सुरू करू नये.

चेंबर खोल असेल तर झाकण काढून तो बराच वेळ उघडा ठेवावा. बंद खड्ड्यात दूषित वायू साठतो आणि एकटा उतरलेला माणूस बेशुद्ध होऊ शकतो. वर दुसरा माणूस असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये, हा नियम अपवादाविना पाळावा.

त्यानंतर वाहिनीतील पाणी सखल भागातील निचरा व्हॉल्व्हमधून सोडून द्यावे. चेंबरमधील पाणी वाहिनीच्या तळाच्या खाली जाईपर्यंत उपसावे. हे झाल्याखेरीज सांधा उघडला तर चेंबरमधील सारी घाण वाहिनीत शिरते. वाहिनीला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा. बोल्ट सैल करताना आपल्यापासून दूरच्या बाजूचे आधी सैल करावेत, म्हणजे आत दाब राहिलाच असेल तर पाणी विरुद्ध बाजूला उडेल.

जुना व्हॉल्व्ह निघाल्यावर तबकड्या घासून स्वच्छ कराव्यात. नवा व्हॉल्व्ह आणि वायसर ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन घ्यावेत. व्हॉल्व्हच्या खाली विटांचा किंवा काँक्रीटचा ओटा असावा. बिडाच्या व्हॉल्व्हचे ओझे पीव्हीसी वाहिनीवर पडले तर काही महिन्यांत शेजारचा सांधा फुटतो, आणि दोष मात्र नव्या व्हॉल्व्हला दिला जातो. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळत न्यावेत.

पाणी सोडताना घाई नको. वरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि शेवटचे नळ उघडे ठेवावेत, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. एकदम पाणी सोडल्यास आघाताने जुने सांधे निखळतात. पहिले गढूळ पाणी वाहून जाऊ द्यावे आणि ते पिऊ नये असे घरोघरी सांगावे. मग शेवटच्या नळावर क्लोरीनची तपासणी करावी. तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन मिळाला, म्हणजे काम पूर्ण झाले. नवा सांधा कोरड्या फडक्याने त्याच दिवशी आणि पुन्हा चोवीस तासांनी तपासावा, कारण दाबाखाली रबर बसल्यावर बोल्ट किंचित सैल पडतात.

शेवटी चेंबर. त्याची कड जमिनीपेक्षा उंच असावी, झाकण पक्के असावे आणि आतले पाणी निघून जाण्यास वाट असावी. नवा व्हॉल्व्ह तुंबलेल्या चेंबरमध्ये बसवणे म्हणजे धुतलेला सदरा चिखलात वाळत घालणे होय.

टँकरचा व्हॉल्व्ह

उन्हाळ्यात ज्या वस्त्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते, तेथेही हाच विचार लागू आहे. टँकरच्या मागच्या व्हॉल्व्हमधून रस्ताभर धार सांडत जाते, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. विहिरीवरून निघताना आणि वस्तीवर पोहोचताना पातळी मोजली तर वाटेत किती पाणी गेले ते कळते. बॉल व्हॉल्व्ह असेल तर त्यातील टेफ्लॉनच्या बैठका धक्क्यांनी आणि वाळूने खराब होतात. तो बदलणे सोपे, परंतु बदल टाकी रिकामी असतानाच करावा. तोंडाला लावलेली रबरी नळी जमिनीवर लोळू देऊ नये आणि तोंडावर टोपण असावे, म्हणजे रस्त्याची धूळ पुढच्या फेरीच्या पाण्यात जाणार नाही.

नोंदवही आणि जबाबदारी

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या खेड्यांत विंधण विहिरी आणि हातपंप मोठ्या प्रमाणावर आले. हातपंप बिघडला तर सर्वांना त्याच क्षणी कळे, कारण पाणीच येत नसे. नळयोजनेचे तसे नाही. तिचा बिघाड महिनोन् महिने जमिनीखाली लपून राहू शकतो. म्हणून नळयोजनेला नोंदवहीची गरज आहे.

प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्यावा. तो कोठे आहे, किती व्यासाचा, केव्हा बसवला, किती फेऱ्यांत आणि कोणत्या दिशेने बंद होतो, ग्लँडची दोरी केव्हा बदलली, हे वहीत लिहावे. फेऱ्यांची संख्या चेंबरच्या आतल्या भिंतीवर रंगानेही लिहून ठेवावी. पंधरा फेऱ्यांत बंद होणारा व्हॉल्व्ह अकराव्या फेरीला अडला तर आत काही अडकले आहे हे नव्या माणसालाही समजेल. चावीवाला बदलला की गावचे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते, हे वहीमुळे टळते.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या अनुसूचीत पिण्याच्या पाण्याचा समावेश झाला. योजना बांधताना शासन व जिल्हा परिषद यांचे साहाय्य मिळते. परंतु पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर सर्व चेंबर उघडून पाहणे हे काम गावाबाहेरील कोणी करू शकत नाही. पाणीपट्टीतून देखभालीसाठी रक्कम बाजूला ठेवावी आणि दोन-चार वायसर, ग्लँडची दोरी, बोल्ट असे साहित्य पंचायतीच्या कपाटात तयार असावे.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. गळत्या नळाखाली बाटली धरून वेळ मोजणे, त्यावरून दिवसाचे आणि वर्षाचे लिटर काढणे, त्याला ५५ ने भागून किती माणसांचा वाटा गेला ते शोधणे, हा चौथी-पाचवीच्या मुलांना जमणारा हिशेब आहे. मुलांनी काढलेला तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवला तर “थोडेसे गळते” हे उत्तर पुन्हा कोणी देणार नाही.

व्हॉल्व्ह ही वस्तू लहान आहे आणि ती जमिनीखाली राहते. परंतु विहिरीचे पाणी, टाकीची उंची, विजेचा खर्च आणि घरातील लेकरांचे आरोग्य या सर्वांचा हिशेब तिच्यातून जातो. काटोलच्या बागाइतदाराने बुंध्याशी साचणारे पाणी वेळीच ओळखावयास शिकून आपली बाग राखली आहे. तीच नजर गावच्या चेंबरकडे वळली पाहिजे. येत्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव व्हावा : गावातील प्रत्येक व्हॉल्व्हचे झाकण एकदा उघडले जाईल, आत जे दिसेल ते वहीत लिहिले जाईल, आणि जे लिहिले जाईल त्यावर महिन्याच्या आत कारवाई होईल.